पत्ता नसलेल्या दुकानांचे पत्ते

1740 साल धरून चला. लंडनमध्ये सेंट पॉल्स चर्चच्या आवाराभोवती पुस्तकांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि तुम्हाला त्यातलं चार्ल्स रिव्हिंग्टन यांचं दुकान गाठायचं आहे. घराला नंबर नाही. शहरात जवळजवळ कुणाच्याच घराला नाही. मग मान वर करून चालायचं. दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्यांवर टांगलेल्या लाकडी पाट्या वाऱ्यानं करकरताहेत, प्रत्येकीवर एक रंगीत चित्र. बायबल आणि मुकुट असं चित्र दिसलं की थांबायचं. तेच रिव्हिंग्टन यांचं दुकान.

पुस्तकाच्या पहिल्या पानावरही पत्ता असाच छापलेला असायचा. अमक्यासाठी छापलं, अमुक गल्लीत, अमुक पाटीच्या खाली. आपल्याकडे अजूनही ‘अप्पा बळवंत चौकातून आत वळा, डाव्या हाताला’ असं सांगितल्याशिवाय पत्ता पुरा झाल्यासारखा वाटत नाही. त्या लंडनमध्ये पत्ता म्हणजे एवढंच होतं, एक सांगितलेलं वाक्य आणि एक चित्र. हे चित्र गिऱ्हाइकाच्या खिशातून त्याच्या घरापर्यंत कसं पोचवायचं, या प्रश्नातून छापील कलेचा एक विलक्षण प्रकार बहरला. तो म्हणजे दुकानाचं कार्ड. पुस्तकवाल्यांची जुनी कार्डं बघायला लागल्यापासून मला या कलेनं अक्षरशः वेड लावलं आहे, आणि त्यातलं काय काय तुम्हाला दाखवू असं झालं आहे.

आधी पाट्यांबद्दल थोडं, कारण कार्डाची नाळ तिथेच आहे. स्ट्रँड रस्त्यावर जेकब टॉन्सन यांच्या दुकानावर शेक्सपियरचा मुखवटा होता. शेक्सपियरची नाटकं त्यांनीच 1709 मध्ये निकोलस रो यांच्याकडून संपादित करून छापली होती, त्यामुळे त्या मुखवट्यावर त्यांचा हक्कच होता. रॉबर्ट डॉड्स्ली हे पूर्वी श्रीमंतांच्या घरी नोकर होते. त्यांनी 1735 मध्ये पॅल मॅल रस्त्यावर दुकान काढलं आणि दारावर रोमन वक्ता सिसेरो याचं डोकं लावलं. डॉ. जॉन्सन यांचा सुप्रसिद्ध शब्दकोश काढणाऱ्या प्रकाशकांत पुढे हेच डॉड्स्ली होते. पॅटर्नॉस्टर रो या गल्लीत विल्यम टेलर यांची पाटी जहाजाची होती. 1719 मध्ये ‘रॉबिन्सन क्रूसो’ त्यांनी काढली. त्यांचा व्यवसाय 1724 मध्ये टॉमस लाँगमन नावाच्या तरुणानं विकत घेतला, त्याबरोबर जहाज आलं आणि काळा हंसही आला. लाँगमनच्या पुस्तकांवरचं ते जहाज आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत असताना पाहिलेलं असेल. आणि आपल्याकडच्या ओरिएंट लाँगमन या प्रकाशनानं 2008 मध्ये नाव बदललं ते ओरिएंट ब्लॅकस्वान असं. एका गल्लीत टांगलेल्या लाकडी फळीवरचे जहाज आणि हंस तीनशे वर्षं कागदावर टिकून राहिले आहेत.

तर, ही पाटी कार्डाच्या डोक्यावर यायची. मध्यभागी वर बायबल, मुकुट, जहाज किंवा कुणा लेखकाचं डोकं, त्याभोवती वेलबुट्टीची चौकट आणि खाली सुंदर वळणाच्या अक्षरात मजकूर. आजच्या खिशात मावणाऱ्या कार्डाइतका त्याचा आकार नसे. पातळ कागदाचा तळहाताएवढा, कधी वहीच्या पानाएवढाही तुकडा असायचा. मागची बाजू कोरी ठेवलेली असायची आणि दुकानदार त्यावरच बिल लिहून द्यायचा. म्हणूनच अनेक कार्डांच्या पाठीवर आज तपकिरी पडलेल्या शाईत गिऱ्हाइकाचं नाव, घेतलेला माल, किंमत आणि तारीख सापडते. कार्डावर छापल्याचं साल बहुधा नसतं, पण पाठीवरच्या बिलामुळे ते कधी वापरात होतं हे कळतं. कागदाचा हा तुकडा जपून ठेवला गेला तोही पुष्कळदा या बिलापायीच.

आता कारागिराच्या टेबलाशी जाऊ, कारण खरी जादू तिथे आहे.

त्याच्यासमोर वाळू भरलेली चामड्याची गोल उशी असते. तिच्यावर आरशासारखा घासलेला तांब्याचा पत्रा. हातात पोलादी कोरणी, तिचं टोक तिरकं कापलेलं, मूठ लाकडी आणि तळव्यात बरोबर बसणारी. या कोरणीनं तो तांब्यात चर पाडतो. कोरणी पुढे ढकलायची असते, आणि जितका दाब जास्त तितका चर खोल आणि रेघ जाड. पण गोलाई काढायची झाली की हात वळत नाही. कोरणी जागच्या जागी राहते आणि दुसरा हात उशीवरचा पत्रा फिरवतो, भाकरी थापताना हात एका जागी आपटत राहतो आणि भाकरी परातीत फिरत राहते, तसं. कार्डावरच्या त्या लांबलचक, लवलवत्या वेलांट्या अशा पत्रा फिरवून काढलेल्या आहेत. एक झटका जास्त बसला तर रेघ सुटते, आणि तांब्यावर खोडरबर चालत नाही.

त्यातून हे सगळं उलटं. छाप आरशातल्या प्रतिमेसारखा उमटतो, म्हणून पुस्तकवाल्याचं नाव, गल्ली, विकायच्या मालाची यादी, सगळी अक्षरं उजवीकडून डावीकडे आणि पाठमोरी कोरायची. बारीक अक्षर कधी कधी ज्वारीच्या दाण्याहून लहान. एका कार्डावर अशा दहा-पंधरा ओळी. मला विचाराल तर या कार्डांवरची चौकट, देवदूत, शिंपले सगळं बाजूला ठेवा आणि फक्त ही अक्षरं बघा. कोरणी आत शिरताना केसासारखी बारीक रेघ, मध्यावर फुगलेली, बाहेर पडताना पुन्हा बारीक. पिसाच्या लेखणीनं लिहावं तसंच ते दिसतं, पण लेखणीला जो नितळपणा कधी साधला नाही तो धातूला साधला आहे. त्या काळात इंग्लंडमध्ये सुलेखन शिकवणारे गुरू मोठ्या मानाचे होते. त्यांतल्या पंचवीसएक जणांची अक्षरं जॉर्ज बिकम या कोरणाऱ्यानं 1733 ते 1741 या काळात ‘द युनिव्हर्सल पेनमन’ नावानं भाग-भाग करून प्रसिद्ध केली. लग्नपत्रिकांवर इंग्रजीत जे लपेटीचं ‘कॉपरप्लेट’ अक्षर आजही वापरतात, ते तांब्याच्या पत्र्यावरून आलेलं हेच अक्षर.

कोरून झालं की छपाई. पत्रा थोडा तापवायचा, घट्ट काळी शाई चरांमध्ये दाबून भरायची, मग कापडानं आणि शेवटी खडूची पूड लावलेल्या तळहातानं पृष्ठभाग लख्ख पुसायचा. शाई राहते ती फक्त चरांत. त्यावर ओलसर कागद, वर लोकरीची घोंगडी, आणि दोन जड रुळांच्या मधून हे सगळं ओढून काढायचं. ओला कागद चरात शिरतो आणि शाई उचलून आणतो. अशा कार्डावरून हलकेच बोट फिरवलं तर अक्षरं कागदाच्या किंचित वर आलेली जाणवतात, आणि चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. नक्कल आणि अस्सल यांतला फरक ओळखायला जाणकार आधी तोच चौकोन शोधतात.

हे काम करणारे बहुतेक जण नाव मागे न ठेवता गेले. पण त्यांच्यातून एक असा निघाला ज्याला पुढे सगळं जग ओळखू लागलं. विल्यम होगार्थ. लंडनमधल्या गरिबी-श्रीमंतीची भेदक चित्रं काढणारा होगार्थ मुळात चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरायला शिकला होता. 23 एप्रिल 1720 ही तारीख घालून त्यानं स्वतःच्या व्यवसायाचं कार्ड कोरलं, आणि एलिस गॅम्बल या आपल्या चांदीकाम शिकवणाऱ्या मालकासाठीही कार्ड कोरलं. चांदीच्या थाळीवर कुळाचं चिन्ह कोरणारा हात आणि दुकानाचं कार्ड कोरणारा हात एकच होता, म्हणून तर कार्डांना ती राजेशाही ऐट आली. किराणा-भुसाराचं कार्डही एखाद्या सरदाराच्या सनदेसारखं दिसायचं.

फ्रान्समध्ये तर मोठमोठे चित्रकार यात उतरले. पॅरिसचे एदम गेर्सँ हे चित्रं आणि नवलाईच्या वस्तू विकायचे. त्यांच्या दुकानाची पाटी म्हणून आंत्वान वातो यानं 1720-21 मध्ये जे चित्र रंगवलं, ते आज बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग राजवाड्यात टांगलेलं आहे आणि युरोपच्या थोर चित्रांत गणलं जातं. त्याच गेर्सँच्या 1740 च्या कार्डासाठी फ्रांस्वा बूशे यानं रेखाटन केलं, ज्यात शिंपले, पोवळी, पेटारे आणि चिनी बाहुला यांचा ढीग एकमेकांवर रचलेला आहे. दुकानाची पाटी आणि दुकानाचं कार्ड, दोन्हींना देशातले सर्वोत्तम चित्रकार लाभले, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

लंडनच्या पुस्तकवाल्यांच्या कार्डांकडे परत येऊ. मजकूर वाचायला घेतला की पुस्तकाचं दुकान या कल्पनेलाच धक्का बसतो. वर बायबलचं चित्र असतं, खाली यादी सुरू होते. सर्व भाषांतली जुनी-नवी पुस्तकं, प्रार्थनापुस्तकं, शाळेची पुस्तकं. मग पुस्तकबांधणी. मग कोरा कागद, हिशेबाच्या वह्या, पिसांच्या लेखण्या, शाई, लाख. शेवटी एक ओळ जवळजवळ प्रत्येक कार्डावर. घरचा ग्रंथसंग्रह किंवा पुस्तकांचा गठ्ठा विकायचा असल्यास रोख रक्कम मिळेल. त्या एका ओळीत किती घरं बंद पडल्याचं आणि किती वाचक गेल्याचं कळतं! आणि बऱ्याच दुकानांत औषधंही मिळायची. मुलांसाठी पुस्तकं काढणारे पहिले मोठे प्रकाशक जॉन न्यूबरी, ज्यांच्या नावानं 1922 पासून अमेरिकेत बालसाहित्याचं पदक देतात, ते सेंट पॉल्सच्या आवारात ‘बायबल आणि सूर्य’ या पाटीखाली दुकान चालवायचे आणि डॉ. जेम्स यांची तापावरची पूडही विकायचे. 1765 मध्ये त्यांनी काढलेल्या ‘गुडी टू-शूज’ या गोष्टीत नायिकेचे वडील तापानं वारतात, ते अशा गावी जिथे डॉ. जेम्सची पूड मिळत नव्हती! गोष्टीतून जाहिरात करण्याची कला किती जुनी आहे ते बघा.

कार्डांच्या चौकटी फॅशनबरोबर बदलत गेल्या, आणि ती फॅशन ओळखता आली की कार्डाचं वय सांगता येतं. सतराशे चाळीस ते साठच्या दरम्यान रोकोको शैलीची लाट होती. शिंपल्यांची वळणं, डावी बाजू उजवीसारखी मुळीच नसलेली चौकट, तिच्यावर लटकलेली फुलं आणि कडेला बसलेला एखादा चिनी टोपीवाला. मॅथियास लॉक आणि हेन्री कोपलंड यांच्या नक्षीच्या पुस्तकांतून कारागीर हे नमुने उचलायचे. मग हवा पालटली. प्राचीन रोमकडे सगळ्यांचे डोळे लागले आणि चौकट शिस्तबद्ध लंबगोल झाली, वर कलश, बाजूंनी फुलांच्या माळा. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी नक्षी विरळ होत गेली आणि अक्षरांनी सगळी जागा घेतली. रोकोकोचा भर ओसरला याचं पुष्कळांना वाईट वाटतं. मला त्या शांत, अक्षरांच्या भरवशावर उभ्या असलेल्या कार्डांतही तेवढंच सौंदर्य दिसतं.

वय सांगणारा आणखी एक पुरावा म्हणजे पत्ता. लंडनच्या टांगत्या पाट्या इतक्या मोठ्या आणि जड होत गेल्या की 1718 मध्ये ब्राइड लेनमध्ये एका पाटीनं आपल्याबरोबर घराची दर्शनी भिंतच खाली ओढली आणि चार माणसं दगावली. 1762 पासून पुढच्या काही वर्षांत कायद्यानं या पाट्या उतरवायला लावल्या आणि घरांना नंबर पडू लागले. म्हणून ज्या कार्डावर फक्त पाटीचं चित्र आहे ते त्याआधीचं असण्याची शक्यता मोठी. ज्यावर नुसता नंबर आहे ते नंतरचं. आणि ज्यावर चित्रही आहे, नंबरही आहे, ते त्या मधल्या काळातलं, जेव्हा दुकानदाराला नव्या आकड्यावर भरवसा नव्हता आणि जुन्या चित्रावरचं प्रेम सुटत नव्हतं. मला ही मधली कार्डं सर्वांत आवडतात. वर बायबल आणि मुकुट, खाली कोपऱ्यात लाजल्यासारखा एक नंबर.

तांब्याचा पत्रा महाग. म्हणून दुकान हलवलं किंवा मालक बदलला तरी नवा पत्रा करायचा नाही. जुनं नाव जिथे आहे ती जागा खरवडायची, तिथे खळगा पडतो. मग पत्रा उलटा करून बरोबर त्या जागी मागून हातोडीनं ठोकून खळगा वर आणायचा, घासून सपाट करायचा आणि त्यावर नवं नाव कोरायचं. नवरा गेला आणि दुकान विधवेनं पुढे चालवलं, मुलगा मोठा झाला, नोकर भागीदार झाला, हे सगळं एकाच पत्र्यावर घडत जायचं. अशी कार्डं भिंगाखाली धरली की नव्या अक्षरांच्या आजूबाजूला पुसलेल्या नावाचे अवशेष दिसतात, एखादी सुटलेली वेलांटी, एखाद्या मोठ्या अक्षराचं शेपूट. पुस्तकव्यवसायात तेव्हा कितीतरी दुकानं विधवांनी समर्थपणे चालवली, आणि या बदललेल्या पत्र्यांवर त्यांची नावं आहेत.

कार्ड कागदाचंच हवं असंही नव्हतं. जेम्स लॅकिंग्टन हा मुळात जोडे शिवणारा. 1774 मध्ये त्यानं छोटं दुकान टाकलं. पुढे त्यानं उधारी साफ बंद केली, न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेतले आणि अगदी कमी नफ्यावर विकले. सतराशे नव्वदच्या दशकात फिन्सबरी स्क्वेअरमध्ये त्यानं ‘टेंपल ऑफ द म्यूझेस’ नावाचं अवाढव्य दुकान उभारलं. मध्ये घुमट, घुमटाभोवती वर वर जाणारे सज्जे, आणि जितकं वर जावं तितकी पुस्तकं जुनाट आणि स्वस्त. दारावर लिहिलेलं, जगातला सर्वांत स्वस्त पुस्तकविक्रेता. तेव्हा इंग्लंडात सुट्या तांब्याच्या नाण्यांची टंचाई होती आणि व्यापारी स्वतःची अर्ध्या पेनीची नाणी पाडायचे. लॅकिंग्टननंही पाडली. एका बाजूला त्याचा स्वतःचा चेहरा, दुसरीकडे कर्णा फुंकणारी कीर्तीदेवता आणि भोवती दुकानाची तीच जाहिरात. हे कार्ड कुणी फेकून देणार नाही, कारण त्यानं पाव विकत घेता येतो! ते हातोहात शहरभर फिरत राहणार. याच दुकानात कामाला असलेल्या टेलर आणि हेसी या दोघांनी पुढे स्वतःचं प्रकाशन काढून जॉन कीट्सच्या कविता छापल्या, आणि 1818 मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी याच लॅकिंग्टन घराण्याच्या कंपनीनं काढली.

एकोणिसाव्या शतकात यंत्रं आली आणि कार्डांनी वेगवेगळे वेष घेतले. त्याच्या थोडं आधीच न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइक यानं लाकडाच्या आडव्या छेदावर कोरायची पद्धत अशी घासूनपुसून तयार केली, की चित्राचा ठसा आणि शिशाचे खिळे एकाच चौकटीत कसून एकदमच छापता येऊ लागले. चित्रासाठी वेगळा पत्रा आणि वेगळं यंत्र नको. बेल्जियममध्ये साधारण 1840 ते 1865 या काळात कागदाला सफेद्याचा, म्हणजे शिशाच्या क्षाराचा, लेप देऊन चिनी मातीच्या बशीसारखी चकचकीत कार्डं निघाली. त्यांवर सोनेरी आणि निळ्या शाईतली शिळाछपाई आजही काल छापल्यासारखी दिसते. पण तो लेप विषारी होता, कामगारांना बाधायचा, म्हणून ती पद्धत मागे पडली. मग रंगीत शिळाछपाईचा पूर आला. तो स्वतंत्र विषय आहे.

ही सगळी नाजूक कार्डं आपल्यापर्यंत आली कशी? लोकांनी ती फेकायला हवी होती, आणि बहुतेकांनी फेकलीही. वाचली ती काही हट्टी माणसांमुळे. रोजनिशीमुळे अमर झालेले सॅम्युएल पीप्स यांनी सतराव्या शतकातच अशी कार्डं आपल्या संग्रहात चिकटवून ठेवली. सारा सोफिया बँक्स ही निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांची बहीण. कॅप्टन कुकबरोबर समुद्रसफर करून आलेला भाऊ जगभरच्या वनस्पती गोळा करत होता, आणि बहीण लंडनमधली तिकिटं, निमंत्रणं, कार्डं. त्या काळातल्या लोकांना हा चमत्कारिक नाद वाटला असणार. 1818 मध्ये ती गेली आणि तिचा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आला. पुढे लंडनचे फर्निचर व्यापारी अँब्रोझ हील यांनी हजारो कार्डं जमवली, 1925 मध्ये अठराव्या शतकातल्या लंडनच्या कार्डांवर पुस्तक लिहिलं आणि आपला संग्रहही त्याच म्युझियमला दिला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख जॉन जॉन्सन यांनी जमवलेला प्रचंड संग्रह 1968 मध्ये बॉडलियन ग्रंथालयात गेला. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर यातली पुष्कळ कार्डं कुणालाही घरबसल्या, मोठी करून बघता येतात. एकदा अवश्य बघा. अक्षरापाशी जाऊन थांबा.

विसाव्या शतकातली एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1926 मध्ये डग्लस क्लेव्हर्डन या ऑक्सफर्डहून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणानं ब्रिस्टलमध्ये पुस्तकांचं दुकान काढलं. दारावरची पाटी त्यानं एरिक गिल या शिल्पकाराकडून रंगवून घेतली. गिलनं साधी, जाडी सगळीकडे सारखी असणारी, कोपऱ्यांना शेपट्या नसलेली मोठी अक्षरं रंगवली, आणि दुकानाच्या सूचना-जाहिरातींसाठी अक्षरांचे नमुनेही काढून दिले. छपाईकलेचे मोठे जाणकार स्टॅन्ली मॉरिसन यांनी ती अक्षरं पाहिली आणि मोनोटाइप कंपनीसाठी त्याच वळणाचा टाइप करायला गिलला सांगितलं. 1928 मध्ये आलेला तो टाइप म्हणजे गिल सॅन्स. 1935 मध्ये निघालेल्या पेंग्विनच्या पहिल्या पुस्तकांची मुखपृष्ठं त्यातच होती. फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात जे नारिंगी-पांढरं पेंग्विन हाती लागतं, त्याच्यावरचं अक्षर एका छोट्या पुस्तकवाल्याच्या पाटीवरून उतरलेलं आहे!

आता आपल्या घरच्या कपाटाकडे. पुस्तकवाल्यांच्या कार्डाचं एक चिमुकलं भावंड आहे, दुकानाचं लेबल. पोस्टाच्या तिकिटाएवढं, बांधणीच्या आतल्या बाजूला खालच्या कोपऱ्यात चिकटवलेलं. मुंबईत रॅम्पार्ट रोवरचं थॅकर आणि हॉर्नबी रोडवरचं तारापोरवाला ही इंग्रजी पुस्तकांची मोठी दुकानं होती. त्यांची लेबलं असलेली पुस्तकं जुन्या बाजारात अजून भेटतात. लेबल केवढंसं, पण लंडनच्या कार्डांचं वय ठरवायची युक्ती इथेही तंतोतंत लागू पडते. ‘हॉर्नबी रोड’ छापलं असेल तर ते जुनं, कारण स्वातंत्र्यानंतर तो रस्ता दादाभाई नौरोजी रोड झाला. मराठी पुस्तकांवर आणि दुकानांच्या छापील कागदांवर ‘गिरगाव, मुंबई 4’ किंवा ‘पुणे 2’ असं असेल, तर ते बहुधा 15 ऑगस्ट 1972 ला सहा आकडी पिनकोड सुरू होण्याआधीचं. किंमत रुपये-आण्यांत असेल तर सहसा 1 एप्रिल 1957 च्या आधीची. ‘नये पैसे’ असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतली, कारण 1964 मध्ये ‘नये’ गळालं.

आणि ही मराठी कार्डं, लेबलं छापणं म्हणजे काही पोरखेळ नव्हता. जॉबवर्क करणाऱ्या छोट्या छापखान्यात पायानं चालवायचं ट्रेडल मशिन असायचं आणि खिळे जुळवणारा कंपोझिटर. इंग्रजीला त्या मानानं थोडे खाने पुरतात. देवनागरीला जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार धरून शेकडो खाने लागतात. मोठ्या अक्षरात हे निभतं. पण लेबलावर दुकानाचं नाव, गल्ली, गाव दीड इंचात बसवायचं, म्हणजे सगळ्यात बारीक खिळे. त्यांच्या मात्रेचं नाजूक टोक खिळ्याच्या अंगाबाहेर आलेलं असतं आणि दाबानं मोडतं. ‘पुस्तकें’वरची मात्रा अनुस्वारासकट उडाली तर ‘पुस्तक’ उरतं आणि मालक लेबलं परत पाठवतो. मोडका खिळा हुडकून, चिमट्यानं उपसून, दुसरा बसवायचा. जुन्या लेबलावर बारीक देवनागरी अक्षर शाई न पसरता, सगळ्या मात्रांसकट उभं दिसलं, की मला त्या कंपोझिटरच्या डोळ्यांचं कौतुक वाटतं.

हे सगळं घडलं त्याचा पुरावा आज पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात आहे, आणि जुनं पुस्तक नव्यानं बांधायला दिलं की बाइंडर आधी नेमकी तीच पानं काढून टाकतो, पुठ्ठ्यासकट. ग्रंथालयांत तर ठराविक वर्षांनी फेरबांधणी होतेच. म्हणून पुस्तक बांधायला टाकण्याआधी मागचा पुठ्ठा उघडून बघा. कोपऱ्यात असं लेबल दिसलं तर ते ओढून काढू नका, फाटेल. बाइंडरला सांगा की ते जुनं पान कापून नव्या पुठ्ठ्याच्या आत, पूर्वीच्याच कोपऱ्यात, खळीनं चिकटवून दे. डिंकाचा किंवा सेलोटेपचा उपयोग करू देऊ नका, त्यानं कागद पिवळा पडतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि चांगला बाइंडर ते आनंदानं करतो.